हिरव्या दोरीची टोपली

९ जानेवारी, मंगळवार

माझी गाडी एका कासवापायी जप्त झाली आहे. हे वाक्य आज फोनवर इतक्या जणांना सांगितलं की आता माझं मलाच खोटं वाटायला लागलंय. वकील म्हणाले, जे घडतंय ते रोज लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. म्हणून ही वही. पण मनातलंही इथेच लिहिणार आहे, तेव्हा वकिलांना ती दाखवायचा प्रश्नच नाही.

तर झालं असं. आमची लॉन्ड्री घराच्याच मागच्या बाजूला आहे. हॉटेलच्या चादरी, टॉवेल, अभ्रे आमच्याकडे येतात, धुऊन-सुकवून निवडायच्या टेबलावर जातात. टेबल सासूबाईंचं. धड कपडा असेल तर इस्त्री होऊन लाल दोरीच्या टोपलीत, म्हणजे गाडीत, म्हणजे हॉटेलला. फाटका निघाला तर हिरव्या दोरीच्या टोपलीत, ती घरातच राहते, पुढे त्यांची फडकी होतात. टोपल्या सगळ्या सारख्या, फरक फक्त कडीला बांधलेल्या दोरीच्या रंगाचा. इतकी वर्षं यात कधी घोळ झाला नाही.

आणि मास्तर. मास्तर म्हणजे सासऱ्यांनी लग्नाच्या नव्या नवलाईत सासूबाईंना आणून दिलेलं कासव. पाठीवर पिवळ्या चांदण्या. मान काढून बघायची ढब सासऱ्यांच्या गणिताच्या मास्तरांसारखी, म्हणून हे नाव. थंडी पडली की मास्तरांना ड्रायरमधून नुकत्या निघालेल्या गरम कपड्यांत झोपायला लागतं. म्हणजे हिरव्या दोरीच्या टोपलीत. सासूबाई स्वतः त्यांना तिथे निजवतात, वर एक मऊ टॉवेल टाकतात. दर हिवाळ्यात, दर सकाळी.

आज सकाळी मास्तर लाल दोरीच्या टोपलीत निघाले. हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बाईने टॉवेल उचलला, खालून मास्तरांनी मान बाहेर काढली. बाईने किंकाळी फोडली. खोलीतला पाहुणा धावत आला, त्याने फोटो काढला, आणि तो पाहुणा निघाला नेमका तसल्या संस्थांचे फोन नंबर खिशात घेऊन फिरणारा. मॅनेजरच्या केबिनमध्ये माझा चहा संपायच्या आत वनखात्याची जीप दारात.

"गाडी कुणाची?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"माझी."

"संरक्षित प्राण्याची वाहतूक. वाहन, टोपल्या, आतला माल, सगळं जप्त."

"अहो, पण टॉवेल हॉटेलचे आहेत!"

"ते नंतर बघू."

मी बघतच राहिले. माझ्या गाडीवर चिठ्ठी चिकटवली, मास्तरांच्या टोपलीवर चिकटवली, टॉवेलांच्या गठ्ठ्यावरही चिकटवली. गुन्हा सिद्ध झाला तर गाडी सरकारजमा होते म्हणे. परत मिळत नाही. मी रिक्षाने घरी आले. सासूबाईंनी दारातच विचारलं, "कोण आलं?" मी समोर उभी, आणि म्हणे कोण आलं! म्हटलं, मी आले, गाडी गेली. तर म्हणतात, "आणि मास्तर?"

१० जानेवारी, बुधवार

आज अधिकारी बाई जबाब घ्यायला घरी आल्या. रात्रीच सगळ्यांना बजावलं होतं की खरं तेच बोला, एकच बोला. कसलं काय.

आमचे हे म्हणाले, "कासव कालच बागेतून आत आलं असावं." आमच्याकडे बाग नाही. दोन कुंड्या आहेत, त्यातली एक रिकामी.

कडकराव, म्हणजे आमचे इस्त्रीवाले, कपडा आणि स्वभाव दोन्ही कडक ठेवतात म्हणून हे नाव, त्यांनी सरळ कानांवर हात ठेवले. "कासव? कुठलं कासव?" हे बोलताना पायाशी मास्तरांची पाण्याची थाळी आणि त्यात काकडीची अर्धी चकती.

आणि सासूबाई ताठ बसून म्हणाल्या, "माझं आहे. लग्न झाल्यापासून आहे. तुमचा कायदा नंतर आला, मास्तर आधी."

"मग कायदा आला तेव्हा नोंद का नाही केलीत?"

"मास्तरांची? कशाला? ते काय पळून चाललेत?"

मी कपाळावर हात मारला. अधिकारी बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सगळं लिहून घेतलं आणि जाता जाता म्हणाल्या, "एकाच घरात तीन गोष्टी. आता मी कुठली खरी मानू?" त्यांची तरी काय चूक?

१४ जानेवारी, रविवार

वकील आले होते. ह्यांचे शाळेतले मित्र, म्हणून घरी येतात, आणि घरी येतात म्हणून जेवूनच जातात. त्यांनी सांगितलं ते असं. कासव पाळल्याचा गुन्हा वेगळा. त्यात वय आणि काळ बघून दंडावर भागेल, कासव मात्र सरकारकडेच राहील. गाडीचं वेगळं. गाडीच्या मालकाला ठाऊक नव्हतं, कासव चुकून टोपलीत गेलं, असं पटलं तर गाडी सुटेल. नाही पटलं तर गेली.

"मग चुकूनच गेलंय की!" मी म्हटलं.

"चूक कुणाची, कशी, ते सांगावं लागेल. आजींनी हिरव्याऐवजी लाल टोपलीत का ठेवलं?"

सासूबाई टेबलापाशी उशा चाचपत होत्या. म्हणाल्या, "मी हिरव्यातच ठेवलं होतं. नंतर कुणी हलवलं ते मला माहीत नाही."

कुणी हलवलं नाही. मी शपथेवर सांगते. कडकराव तेव्हा आलेच नव्हते, हे दाढी करत होते, मी गाडी पुसत होते.

वकिलांनी डोकं खाजवलं आणि एकदम खूश होऊन म्हणाले, "सोपं आहे! आजींना नीट दिसत नाही असं लिहून देऊ. वय झालंय, दोरीचा रंग कळला नाही, विषय संपला. कोण नाही म्हणणार?"

मला वाटलं, चला, जीव भांड्यात पडला. आणि सासूबाई अशा काही उसळल्या की बस! हातातली उशी वकिलांच्या दिशेने भिरकावली. ती भिंतीला लागली.

"मला दिसत नाही? मला? या टेबलावर बसून मी चहाचा डाग कुठला आणि औषधाचा कुठला ते सांगत आलेय! असलं खोटं माझ्या तोंडून निघायचं नाही. उठा!"

वकील न जेवता गेले. असं पहिल्यांदाच झालं.

एवढा सत्याचा पुळका! शेजारीण आली की "सून घरी नाही" म्हणून खुशाल ठोकून देतात, मी आत ऐकत असते. आणि माझी गाडी सोडवायला एक साधी थाप मारवत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलून उपयोग काय? या घरात भिंतीशी बोललेलं बरं.

१७ जानेवारी, बुधवार

भाड्याच्या टेम्पोने माल पोचवणं म्हणजे नाकी नऊ. तो येतो त्याच्या मर्जीने. आधी कुणाच्या तरी कोंबड्या नेलेल्या असतात, मग मी खाली प्लास्टिक अंथरते, कडेला उभी राहून टोपल्या धरते, आणि तो खड्डा बघून वेग वाढवतो. आज दोन टोपल्या रस्त्यावर कलंडल्या. पुन्हा धुणं.

लोकांना वाटतं गाडी म्हणजे गाडी. ती नव्हती तेव्हा हे गाठोडी सायकलला बांधून न्यायचे, आणि गिऱ्हाइकं म्हणजे गल्लीतली चार घरं. गाडी मी शिकले, परवाना मी काढला, हॉटेल मी मिळवलं, नंतर दवाखानाही. मॅनेजरने आज स्पष्टच सांगितलं, "ताई, तुमच्याविषयी तक्रार नाही, पण महिनाअखेर आणि पुढचे काही दिवस बघेन. नंतर मला दुसरी सोय करावी लागेल." हॉटेल गेलं की दवाखान्यावर एवढं मोठं यंत्र चालत नाही. मग पुन्हा सायकल.

त्यात दवाखान्याचा फोन. स्वच्छ म्हणून पाठवलेल्या चादरीवर हातभर पिवळा डाग. मी कडकरावांना फैलावर घेतलं. इस्त्री फिरवताना डोळे कुठे असतात? एवढा मोठा डाग माणसाला दिसत नाही?

एरवी एकाला चार ऐकवणारा माणूस. आज इतकंच म्हणाले, "एक नजरेतून सुटली. बाकीच्या काढल्या होत्या मी."

"बाकीच्या म्हणजे?"

"काही नाही ताई." आणि इस्त्री जोरात आपटली.

बाकीच्या म्हणजे काय, देव जाणे. या माणसाचंही अलीकडे काहीतरी बिनसलंय. सासूबाईंनी निवडून ठेवलेला गठ्ठा पुन्हा उलगडून बसतो. कामाचा वेळ जातो. उद्या बोललं पाहिजे.

२२ जानेवारी, सोमवार

वनखात्याच्या आवारात गाडी बघून आले. बघवत नाही. शहराबाहेर तारेचं कुंपण, आत जप्त केलेल्या गाड्यांची रांग. एका ट्रकच्या खिडकीतून वेल आत जाऊन दुसऱ्या खिडकीतून बाहेर आलाय. एका मोटारीच्या टपावर गवत. माझ्या गाडीचं पुढचं चाक बसलंय, काचेवर पक्ष्यांनी जे करायचं ते केलंय. मी रुमालाने पुसायला गेले तर पहारेकरी ओरडला, "हात लावायचा नाही, मुद्देमाल आहे!" माझ्याच गाडीची काच मी पुसायची नाही. म्हटलं, मग तुम्ही पुसा. तो म्हणाला, ते माझं काम नाही.

शेजारीच पकडलेल्या प्राण्यांची जागा आहे. गेलेच होते म्हणून डोकावले, नाहीतर मला काय त्या कासवाचं? पिशवीत काकडी होती, तीही सहजच. ती आत घेऊ देईनात. बाहेरचं खाणं चालत नाही. म्हटलं, ठीक आहे, पण मग तुम्ही देताय ती काकडी सोलून द्या, साल असली तर तोंड फिरवतात. आणि पाण्याची थाळी उथळ हवी. आणि दुपारी ऊन सरकलं की त्यांनाही सरकवावं लागतं, स्वतःहून उठायचा त्यांना कंटाळा आहे. तिथली बाई लिहून घ्यायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी किती वेळ बोलतेय.

घरी आल्यावर सासूबाईंनी शेजारी बसवून घेतलं. "कसा दिसतो? मान काढतो का? डोळे कसे आहेत, ओले की कोरडे? कुठल्या कोपऱ्यात असतो?" मी सांगत गेले. कंटाळून म्हटलं, "आई, पुढच्या वेळी तुम्हीच चला ना, डोळ्यांनी बघा." तर एकदम, "माझे गुडघे दुखतात." परवाच गच्चीवर जाऊन आल्या!

सगळ्या गोष्टी अशाच. पेपर मी वाचून दाखवायचा, का, तर "तुझे उच्चार सुधारतील". सुई मी ओवून द्यायची, का, तर "माझे हात गुंतलेत". हात मांडीवर मोकळे असतात. सासूपण गाजवायची हौस फिटत नाही, दुसरं काय?

२७ जानेवारी, शनिवार

आज भांडण झालं. झालं ते झालं. लिहायला लाज वाटत नाही.

वकिलांचा फोन आला की अधिकारी बाईंनी सोमवारचा, म्हणजे पाच तारखेचा दिवस दिलाय. तोवर आजींचा जबाब नीट झाला नाही तर गाडी सरकारजमा करण्याचा प्रस्ताव वर जाईल. मी हे सासूबाईंना सांगितलं. हे वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते, नेहमीप्रमाणे.

"मी सांगितलंय. हिरव्या टोपलीत ठेवलं होतं."

"आई, मग ते लाल टोपलीत चालत गेलं का? टोपलीच्या कडा गुडघ्याएवढ्या आहेत! मास्तरांनी उडी मारली?"

"मला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? एक वाक्य बोलायचंय, दिसत नाही म्हणून. एक! त्या बाई काय तुमच्या टेबलाशी रोज येऊन बसणारेत? तुम्हाला गाडी महत्त्वाची नाही, घर महत्त्वाचं नाही, नुसता हेका!"

त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "दिसत नाही म्हटलं, की टेबलावर कोण बसेल?"

"टेबलाचा काय संबंध? गाडीचं चाललंय!"

"संबंध नाही का?"

"नाही!"

"बरं," म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत लावत आत गेल्या. हा भिंतीला हात लावत जाण्याचा प्रकार नवा आहे. मला वाईट वाटावं म्हणून. मला अजिबात वाटलं नाही.

हे मला म्हणाले, "अगं, जरा हळू बोलायचंस." म्हटलं, अहो, तुम्ही बोलला असतात तर मला बोलावं लागलं नसतं. लगेच पान उलटलं.

१ फेब्रुवारी, गुरुवार

सूर्य कुठे उगवला? सासूबाई तयार झाल्या. मी यंत्रात पावडर टाकत होते, मागून येऊन म्हणाल्या, "सोमवारी मी येते. दिसत नाही म्हणून सांगते."

मी वळून मिठीच मारणार होते. त्यांनी हाताने थांबवलं. "पण त्या बाईसमोर. घरात या गोष्टीचा उच्चार नको. आणि कडकरावाला कळता कामा नये."

"कुणालाही कळणार नाही, आई. अहो, थोडं नाटक करायचंय, बस. जरा चाचपडल्यासारखं करायचं, समोरच्याकडे न बघता भलतीकडे बघायचं. मी करून दाखवू?"

"नको," म्हणाल्या. "जमेल मला."

वकील आजच जेवायला आले. दोनदा वाढून घेतलं.

थोडं बोचतंय हेही लिहून टाकते. काही झालं तरी बाई आयुष्यभर खोटं न बोलणारी (शेजारणीचा अपवाद सोडून), आणि मी तिला या वयात सरकारी जबाबात खोटं बोलायला लावतेय. पण दुसरा इलाज काय होता? तिने तरी ही वेळ का आणली?

५ फेब्रुवारी, सोमवार

गाडी सुटली! सुटली! अजून कागद व्हायचे आहेत, पण अधिकारी बाईंनी तोंडी सांगितलं. आता नीट लिहिते, कारण आजचं सासूबाईंचं काम म्हणजे काय सांगू, रंगभूमी एका मोठ्या नटीला मुकली.

आम्ही आत गेलो. अधिकारी बाई सुरुवातीपासूनच संशयाने बघत होत्या. वकिलांनी दृष्टीचं काढल्याबरोबर म्हणाल्या, "तुम्ही लोक इथे येताना सगळ्यांना दिसेनासं करून आणता. डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद आणलाय का?"

वकील म्हणाले, "नंतर देऊ."

"नंतर नको. आजी, तुमचं कासव तुम्ही ओळखाल ना?"

"ओळखेन की."

आतून एक मोठं खोकं आणलं. वाळू भरलेलं, एका कोपऱ्यात उन्हाला बसण्यासाठी ठेवलेला एक गोल, पाठीसारखा फुगीर दगड, आणि दुसऱ्या कोपऱ्यात आमचे मास्तर. खोकं टेबलावर ठेवलं.

सासूबाई पुढे झाल्या. टेबलाच्या कडेला पोट लागलं तेव्हा थांबल्या. आणि दोन्ही हातांनी, काय सांगू, दगड उचलून जवळ घेतला. "मास्तर," म्हणाल्या, "किती गार पडलास रे. अंगावर काही घालत नाहीत का इथे?" आणि त्या दगडावरून हात फिरवत राहिल्या.

मला हसू आवरेना. रुमालाचा बोळा तोंडाशी धरला. म्हटलं, आई, एवढंही नको, अति होतंय, बाई ओळखतील! मास्तर दुसऱ्या कोपऱ्यातून मान लांब करून आवाजाच्या दिशेने निघाले होते. वाळूत खसफस झाली. सासूबाईंचा हात दगडावर थांबला. त्यांनी तो हळूच खाली ठेवला, आवाजाकडे बोटं सरकवली, पाठीवरची ती खाच सापडली, लहानपणी इस्त्री पडली होती तिथली. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा हलला.

"हा," म्हणाल्या. "हा आहे."

अधिकारी बाईंचं पेन मघापासून थांबलेलं होतं. त्या उठून टेबलाच्या या बाजूला आल्या, सासूबाईंना स्वतः धरून खुर्चीत बसवलं, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी चोरी केलीय. "तुम्ही एकाच घरात राहता ना?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, हो, का?

त्यांनी जबाब लिहून घेतला. मास्तर कायमचे सरकारकडे, पाळल्याबद्दल दंड, गाडी आणि माल परत. मालकाला माहिती नव्हती, चूक दृष्टीमुळे झाली, हे मान्य. निघताना सासूबाईंनी विचारलं, "याला अधूनमधून भेटायला आलं तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "केव्हाही या, आजी. दारावर सांगून ठेवते." आमच्याशी कधी एवढ्या गोड बोलल्या नव्हत्या.

रिक्षात मी त्यांचा हात घट्ट धरला. "आई, काय नाटक केलंत! तो दगड! मला तर खरंच वाटलं असतं!"

त्या रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. "झाली ना गाडी मोकळी?" म्हणाल्या. "मग पुरे."

मास्तर गेले म्हणून उदास असतील. साहजिक आहे. घरी आल्यावर मीही पाण्याची थाळी घासून, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. इतका त्रास दिला त्या प्राण्याने, तरी.

७ फेब्रुवारी, बुधवार

गाडी काल दुपारी दारात आली. धुतली, चाक भरून घेतलं, मॅनेजरला फोन केला. आज पहाटेपासून आम्ही सगळे पुन्हा आपापल्या जागी.

लाल टोपली भरायला मागच्या खोलीत गेले. सासूबाई टेबलाशी होत्या. मला बघितलं असेल असं वाटलं, म्हणून बोलले नाही. त्यांनी गठ्ठ्यातून एक टॉवेल उचलला. पांढरा टॉवेल, मधोमध तळहाताएवढा काळपट डाग, दारातून मला दिसत होता. त्यांनी तो उलगडला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, नाकाशी नेला, बोटांनी इंच इंच चाचपला. डागावरूनही बोटं गेली. मग नीट घडी घातली आणि स्वच्छ गठ्ठ्यावर ठेवली.

पाठीमागे कडकराव होते. ते आवाज न करता पुढे झाले, तो टॉवेल उचलला, बादलीत टाकला. रोजचं काम असावं तसं. वर बघितलं तर मी.

इथे कुणी अधिकारी बाई नव्हती. नाटक कुणासाठी करायचं?

मी बाहेर अंगणात येऊन उभी राहिले. "कोण आलं?" आठवलं. भिंतीला लागलेली उशी आठवली. सुई, पेपर, दवाखान्याची चादर. आणि तो दगड. मी रुमाल तोंडाशी धरून हसत होते. कुठे तोंड लपवू असं झालं. त्या बाईने माझ्याकडे तसं का बघितलं ते आता कळलं. ज्या माणसाने माझ्या गाडीसाठी परक्यासमोर आपली झाकली मूठ उघडली, त्याला मी रिक्षात शाबासकी देत होते, छान थाप मारलीत म्हणून. आणि टेबलावर कोण बसेल, हे त्यांनी मला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं! मी म्हटलं, काय संबंध?

कडकराव बाहेर आले. "केव्हापासून?" मी विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासून असेल."

"मला सांगायचं नाही?"

"मी कोण सांगणार? तुम्ही त्यांना टेबलावरून उठवलं असतं."

उठवलं असतं. खरंच आहे.

मी आत गेले, दोरीचं बंडल घेतलं आणि सगळ्या टोपल्या ओढून मध्ये आणल्या. लालला एक जाड गाठ मारली, हिरवीला दोन. मोठ्याने, नेहमीच्या आवाजात, चिडूनच म्हटलं, "आई, ऐकलंत का? आपल्या कडकरावांना म्हणे लाल आणि हिरवा वेगळा ओळखू येत नाही. इतकी वर्षं गप्प! म्हणून आता गाठी मारतेय. एक गाठ हॉटेलची, दोन गाठी घरची."

कडकरावांनी "मला रंग..." म्हणून तोंड उघडलं. मी डोळे वटारले. त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. "हो आजी," म्हणाले. "लहानपणापासून."

"आणि उद्या तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय," मी घाईघाईने पुढे रेटलं. "वकिलांना तो कागद हवाय. नंतर देऊ म्हणून बसलेत तिथे, आता निस्तरा."

सासूबाई उठल्या. टोपलीच्या कडीवर हात फिरवला, एक गाठ लागली. दुसऱ्या टोपलीशी गेल्या, दोन लागल्या. तिथेच जरा वेळ वाकून राहिल्या, जिथे मास्तर निजायचे.

"मग आधी नाही का सांगायचं रे?" कडकरावांच्या दिशेने म्हणाल्या. "त्यात लाजायचं काय? आम्ही काय परके आहोत?"

"चुकलं, आजी."

"चालायचंच."

त्या परत टेबलाशी आल्या, खुर्ची चाचपून बसल्या. गठ्ठ्यातला वरचा टॉवेल उलगडला, थोडा वेळ मांडीवर तसाच धरला. मग माझ्याकडे, माझ्या आवाजाकडे, पुढे केला.

"सूनबाई," म्हणाल्या, "बघ गं, डाग आहे का यावर?"